गुप्तरोग की नुसताच रोग?

मुंबईच्या लोकलने ज्यांनी कॉलेजची वर्षं काढली, त्यांना डब्याच्या पत्र्यावर आणि रुळांकडेच्या भिंतींवर चिकटवलेल्या त्या जाहिराती आठवत असतील. ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’, खाली कुणा ‘डॉक्टरां’चं नाव आणि दवाखाना स्टेशनपासून किती मिनिटांवर आहे ते. अशा जाहिरातींना भारतात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, पण तो कायदा रुळांपर्यंत फारसा पोचला नाही. त्या जाहिराती सगळ्यांनी वाचल्या आणि वाचल्याचं कबूल मात्र कुणीच केलं नाही.

या प्रकरणातला खरा आजार त्या ‘गुप्त’ या शब्दात आहे, असं माझं मत आहे. आपल्या या पानांवर मधुमेह येतो, कोलेस्टेरॉल येतं, गुडघे येतात, फोर-ओ-वन-के तर दर अंकात येतो. पुरुषाच्या लैंगिक आरोग्याबद्दल मात्र अवाक्षर येत नाही. मी डॉक्टर नाही, संगणकाच्या धंद्यातला माणूस आहे. त्यामुळे औषध सुचवण्याचा माझा अधिकार नाही. पण एखादी यंत्रणा धोक्याची सूचना देत असताना सगळ्यांनी मिळून ती सूचना झाकून ठेवायची, या प्रकाराबद्दल बोलायला डॉक्टर असावं लागत नाही.

आधी आपली भाषाच बघू या. वयात येणाऱ्या मुलाला झोपेत वीर्यस्खलन होतं, ही निसर्गाची साधी गोष्ट. आपण तिला नाव दिलं ‘स्वप्नदोष’. म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी कळतं, की आपल्यात काहीतरी दोष आहे. मूल न झालेल्या बाईसाठी ‘वांझ’ हा शब्द तयार आहे. पुरुषासाठी तसा रोजच्या वापरातला शब्दच नाही. आहे तो ‘नपुंसक’. त्यात मूल न होणं, संबंध जमू न शकणं आणि भित्रेपणा अशा तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात कोंबलेल्या. रडणाऱ्या मुलाला ‘बायल्या’ आणि माघार घेणाऱ्याला ‘बांगड्या भर’ म्हणायचं. हे ऐकत मोठा झालेला माणूस पुढे पस्तिसाव्या वर्षी डॉक्टरसमोर बसून ‘मला असा असा त्रास होतो’ हे कोणत्या तोंडाने सांगणार?

तरुणपणी अनेकांच्या मनात बसलेली आणखी एक भीती म्हणजे ‘धातू जाण्याची’. रस, रक्त, मांस, मेद, अस्थि, मज्जा आणि शुक्र असे सात धातू आयुर्वेदाने सांगितले. त्यातला शेवटचा आणि सर्वांत मोलाचा तो शुक्र. त्यावरून रक्ताच्या चाळीस थेंबांपासून वीर्याचा एक थेंब बनतो, वगैरे हिशेब लोकांत पसरले. मग लघवी जरा पांढुरकी दिसली की मुलगा घाबरतो, थकवा येतो, झोप उडते, अभ्यासात लक्ष लागत नाही. डॉ. नरेंद्रनाथ विग या भारतीय मानसोपचारतज्ज्ञाने १९६० साली या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. लघवीचा तो पांढुरकेपणा बऱ्याचदा फॉस्फेटच्या क्षारांचा असतो आणि त्याने काहीही बिघडत नाही. थकवा मात्र खरा असतो, कारण भीती खरी असते. संस्कृती शरीरात आजार कसा निर्माण करते, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

हा फक्त आपला मागासलेपणा, असंही कुणी समजू नये. सॅम्युएल टिसो या स्विस डॉक्टरने १७६० साली हस्तमैथुनाने माणूस खंगतो असा ग्रंथ लिहिला आणि युरोप पुढची शंभर-दीडशे वर्षं त्या भीतीत वावरला. ज्यांच्या घराण्याचं नाव आपण रोज सकाळी कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावर वाचतो, ते मिशिगनचे डॉ. जॉन हार्वी केलॉग याच भीतीपोटी मिळमिळीत, बिनमसाल्याच्या आहाराचा पुरस्कार करत होते. फरक इतकाच, की पाश्चात्त्य वैद्यकाने ती समजूत मागे टाकली आणि आपल्याकडे ती भिंतीवरच्या जाहिरातीत टिकून राहिली.

‘हे असलं बोलणं आपल्या संस्कृतीत बसत नाही,’ असं काही ज्येष्ठ मंडळी म्हणतील. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून विचारतो, नक्की कोणत्या संस्कृतीत बसत नाही? आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी ‘वाजीकरण’ हे एक अख्खं अंग याच विषयाचं आहे. महाभारत घ्या. विचित्रवीर्य निपुत्रिक वारला, म्हणून व्यासांकडून नियोगाने धृतराष्ट्र आणि पंडू जन्मले. पंडूला शापामुळे स्त्रीसंग वर्ज्य, म्हणून पांडव देवांपासून. म्हणजे दोन पिढ्या पुरुषाकडून वंश चालू शकला नाही, हे आपल्या महाकाव्याने उघडपणे सांगितलं आणि त्यावर उपायही सांगितला. अज्ञातवासाचं वर्ष बृहन्नडा होऊन विराटाच्या घरी नाच शिकवणाऱ्या अर्जुनाला कुणी ‘बांगड्या भर’ म्हणून हिणवल्याचं आपण कीर्तनात ऐकत नाही. गप्प बसण्याची परंपरा आपण समजतो तितकी जुनी नाही.

शिवाय या विषयावर उघड बोलणारा एक माणूस आपल्याच भाषेत होऊन गेला. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सचं केंद्र निघालं तेही त्याच वर्षी. या कार्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक पदराला खार लावून चालवलं. त्यात ते वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं देत. त्यावरून अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र घेतलं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, दंड भरला आणि मासिक चालूच ठेवलं. अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ (२००१) आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. मराठी माणसाने त्या काळात जे छापलं, ते आपण अमेरिकेत बसून, तेही मंडळाच्या वार्तापत्रात छापायला घाबरावं, ही काही प्रगती म्हणता येणार नाही.

आता व्यवहाराच्या गोष्टींकडे येतो. पहिली गोष्ट अपत्यप्राप्तीची.

आमच्या परिचयातलं एक जोडपं आहे. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. तिच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, गर्भाशयाचे आणि नलिकांचे फोटो झाले, दुर्बीण घालून तपासणी झाली, गोळ्या-इंजेक्शनं झाली. भारतातून सासूबाईंनी सांगितलेली व्रतंही झाली. पुण्याला गेल्यावर प्रत्येक हळदीकुंकवात तिला प्रश्न विचारले गेले. त्याची तपासणी मात्र तीन वर्षांनी झाली, तीही डॉक्टरांनी निर्वाणीचं सांगितल्यावर. दोष त्याच्या बाजूला होता आणि बऱ्याच अंशी दुरुस्त होण्यासारखा होता. तीन वर्षं ती बाई विनाकारण सुया टोचून घेत होती, आणि तो बिचारा ‘आपल्यात काही निघालं तर’ या धास्तीने रात्र-रात्र जागत होता. यात कुणीही दुष्ट नव्हतं, हे मुद्दाम सांगतो.

वस्तुस्थिती अशी आहे, की मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडच्या कारणाचा काही ना काही वाटा असतो. वीर्यतपासणी ही या सगळ्यातली सर्वांत सोपी, स्वस्त आणि वेदनारहित तपासणी. दोन ते सात दिवसांचा संयम पाळून नमुना द्यायचा, एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्रजंतू ही खालची मर्यादा धरतात. एका तपासणीत आकडा कमी आला तरी घाबरायचं कारण नाही. ती पुन्हा करतात, कारण आकडे वर-खाली होत असतात. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीच्या कडक तापाचा परिणामही आज दिसू शकतो. वृषणाच्या शिरा फुगण्याचा दोष, ज्याला व्हेरिकोसील म्हणतात, तो साधारण १५ टक्के पुरुषांत आढळतो आणि मूल न होणाऱ्या पुरुषांत त्याहून बराच जास्त. त्यावर शस्त्रक्रिया आहे. तेव्हा साधा नियम असावा: तपासणी दोघांची, आणि तीही एकाच वेळी.

इथेच जिममध्ये जाणाऱ्या तरुण मंडळींसाठी एक सूचना. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनने शरीराचं स्वतःचं काम थांबतं आणि शुक्रजंतूंची संख्या घटते, कधीकधी शून्यावर येते. बऱ्याच जणांत औषध बंद केल्यावर ती काही महिन्यांत परत वाढते, पण सगळ्यांत वाढतेच असं नाही. पुरुषत्व वाढवायला घेतलेल्या औषधाने बाप होण्याचीच शक्यता घालवायची, हा मर्दानगीच्या कल्पनेचा मोठाच विनोद म्हणायचा.

दुसरी गोष्ट चाळिशीतल्या मंडळींची. लिंगाला पुरेशी ताठरता न येणं याला आपल्याकडे ‘कमजोरी’ म्हणतात आणि मग ती कमजोरी मनाची, चारित्र्याची, वयाची असं काहीही समजलं जातं. प्रत्यक्षात तो पुष्कळदा रक्तवाहिन्यांचा प्रश्न असतो. लिंगाच्या रोहिण्यांचा व्यास एक ते दोन मिलिमीटर, हृदयाच्या रोहिण्यांचा तीन ते चार. चरबीचा थर साचायला लागला तर आधी कोणती नळी बुजेल, हे सांगायला इंजिनियर लागत नाही. म्हणूनच ही तक्रार कित्येकदा हृदयाची लक्षणं दिसण्याआधी दोन ते पाच वर्षं येते, आणि हृदयरोगतज्ज्ञ तिला धोक्याची आगाऊ सूचना मानतात. मधुमेहात तर रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही बिघडतात. आणि आपल्या लोकांना मधुमेह आणि हृदयविकार कमी वयात, कमी वजनातही गाठतात. म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणी सुरू करायचा बी.एम.आय. २५ वरून २३ वर आणला.

याचा अर्थ अशी तक्रार असलेल्या प्रत्येकाला हृदयविकार आहे असा मुळीच नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या, सिगारेट, दारू, अपुरी झोप, नैराश्य, नोकरीची आणि व्हिसाची काळजी, यांपैकी काहीही कारण असू शकतं. पण ते डॉक्टरने शोधायचं; आपण मनाशी ठरवून गप्प बसायचं नाही. ‘कमजोरी’ म्हणून लपवलेली ही सूचना बायको-मुलांच्या डोक्यावरचं छप्पर वाचवू शकते. अगदी आयुर्विम्याच्या हिशेबाने पाहिलं तरी याहून स्वस्त विमा नाही.

डॉक्टरकडे न जाता लोक काय करतात? ‘हर्बल’ गोळ्या घेतात. इथल्या एफ.डी.ए.ने अशा कित्येक ‘नैसर्गिक’ गोळ्यांत लेबलवर न लिहिलेलं सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रामधलंच औषध सापडल्याचे इशारे वेळोवेळी दिले आहेत. सिल्डेनाफिल आणि सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट औषधं एकत्र झाली तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. आपल्या घरात सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवणारे किती वडीलधारे आहेत, ते आठवून बघा. तसंच २००४ साली बॉस्टन भागातल्या दक्षिण आशियाई दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली, तेव्हा १४ औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. आयुर्वेदाला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण डब्यात काय आहे हे माहीत नसताना ते पोटात घालणं, हे कोणत्याच शास्त्रात बसत नाही. सिल्डेनाफिलला इथे १९९८ साली मान्यता मिळाली आणि २०१७ च्या अखेरीपासून त्याची स्वस्त जेनेरिक गोळीही मिळू लागली. डॉक्टरच्या चिठ्ठीने ती घेणं हे लपूनछपून घेतलेल्या डबीपेक्षा स्वस्तही आणि सुरक्षितही.

तिसरी गोष्ट नसबंदीची. या शब्दावर आणीबाणीची सावली आहे आणि ती का आहे हे समजण्यासारखं आहे. १९७६-७७ या एका वर्षात साठ लाखांहून अधिक पुरुषांची नसबंदी झाली, त्यातल्या कित्येकांची बळजबरीने. त्याची किंमत पुढे बायकांनी मोजली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांच्या शस्त्रक्रियेचं प्रमाण ३७.९ टक्के आहे, पुरुषांच्या फक्त ०.३ टक्के. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया अर्ध्या तासाची, जागा बधिर करून होणारी. तिने हार्मोनमध्ये फरक पडत नाही, की ताकद जात नाही. बाईची त्यामानाने मोठी. दोन बाळंतपणं सोसलेल्या बायकोनेच आणखी एक शस्त्रक्रिया सोसावी, हा पुरुषार्थ कसला?

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक. काही मुलांना पुरुषांचंच आकर्षण वाटतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९७३ साली आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली. इंग्रजांनी १८६० च्या दंडविधानात घातलेलं कलम भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या संबंधांपुरतं रद्द ठरवलं. तरी आपल्याकडे उपाय एकच: मुलाला तीन आठवड्यांच्या रजेवर पुण्या-मुंबईला न्यायचं, दहा मुली दाखवायच्या आणि ‘लग्न झालं की सगळं ठीक होतं’ म्हणायचं. काहीही ठीक होत नाही. दोन आयुष्यं मोडतात, आणि त्यातलं एक अशा मुलीचं असतं, जी एच-फोर व्हिसावर परक्या देशात, ना नोकरी ना नातेवाईक अशी अडकलेली असते. मुलाला घरात मन मोकळं करता आलं नाही, तर तो डॉक्टरकडेही करत नाही. मग योग्य तपासण्या, लसी, सल्ला सगळंच हुकतं. मुलाचं वेगळेपण स्वीकारायला आई-वडिलांना वेळ लागेल, हे मी समजू शकतो. पण परक्याच्या मुलीला त्यात ओढायचा अधिकार कुणालाही नाही, एवढं तरी आपण आजपासून मान्य करू या.

आता थोडं पैशाचं. बहुतेक विमा योजनांत वर्षाची एक तपासणी विनाशुल्क असते. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल त्यातच होऊन जातं. ‘ऑफिसात कळेल’ ही भीती अनाठायी आहे. १९९६ च्या हिपा कायद्यामुळे विमा कंपनी किंवा डॉक्टर तुमचा आजार तुमच्या साहेबाला परस्पर सांगू शकत नाहीत. मात्र ‘एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स’ हे पत्र विमा ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे जातं, हे लक्षात ठेवा. वंध्यत्वाच्या उपचारांचा खर्च विम्याने द्यावा असा कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये १९८७ मध्ये झाला आणि पुढे इलिनॉय, न्यू जर्सी इत्यादी राज्यांत आला. पण मोठ्या कंपन्या पुष्कळदा विम्याचा पैसा स्वतःच घालतात, आणि अशा योजनांना राज्याचा हा कायदा लागू होत नाही. म्हणून नोकरी बदलताना पगाराबरोबर हेही कलम वाचावं. ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीत गरमी आणि परम्याची चाचणी सरकार स्वतःच करून घेतं. सरकारला ज्याची लाज वाटत नाही, ते आपण आपल्याच डॉक्टरला विचारायला लाजू नये.

शेवटी मंडळाला दोन सूचना. एक, पुढच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखरेच्या टेबलाशेजारी एका डॉक्टरांना खास पुरुषांच्या प्रश्नांसाठी बसवावं. प्रश्न निनावी चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकावेत आणि उत्तर मराठीतून मिळावं. आपल्यात डॉक्टर मंडळींची वाण नाही. कुणीतरी तासभर नक्की देईल. दोन, गणपतीत आणि दिवाळीत भेटणाऱ्या नव्या जोडप्यांना ‘काय, गोड बातमी कधी?’ हा प्रश्न आपण सगळ्यांनी विचारायचं बंद करावं. त्याचं उत्तर कधीकधी पुरुषाकडे असतं आणि त्या गर्दीत ते त्याला देता येत नाही.

आणि घरी मुलगा वयात येत असेल, तर बापाने एकदा त्याच्या शेजारी बसून ‘हा दोष नाही, हे असंच असतं’ एवढं एक वाक्य सांगावं. त्याला फार तर पाच मिनिटं लागतात, आणि ती भिंतीवरची जाहिरात मग त्याच्या काही कामाची राहणार नाही. हा विषय ज्यांना पटला नसेल त्यांनी जरूर विरोधात लिहावं. निदान त्या निमित्ताने तो या पानांवर पुन्हा एकदा येईल.